परकी भाषा शिकवताना मोबाइल कसा वापरावा: सीमाभागातल्या नव्या प्राध्यापकांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या एखाद्या डिग्री, नर्सिंग किंवा इंजिनिअरिंग कॉलेजात तुम्ही नुकतेच जर्मन, जपानी किंवा फ्रेंच शिकवायला लागला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आठवड्याला हाताला लागतात तीन-चार तास. वर्गात चाळीसेक मुलं. लँग्वेज लॅब एक तर नसते, नाहीतर कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलांनी भरलेली असते. मुलांना मात्र भाषा खरोखर हवी असते. नर्सिंगच्या मुलींना जर्मनीत नोकरीसाठी बी१, पुढे बी२ पातळीपर्यंत जायचं असतं (पातळ्या अगदी सुरुवातीच्या ए१पासून ए२, बी१, बी२ अशा वर चढतात). इंजिनिअरिंगच्या मुलांना तिकडे एमएस करायचं असतं, नाहीतर जपानी कंपनीचा इंटरव्ह्यू द्यायचा असतो. एवढ्या तासांत हे होणार नाही, हे त्यांनाही दिसतं आणि आपल्यालाही. म्हणून मोबाइल.

मी जर्मन शिकवते, त्यामुळे उदाहरणं जास्त करून जर्मनची येतील. माझं मत आधीच सांगून टाकते: आपल्या भागात मोबाइल वापरायचा तो कानासाठी आणि तोंडासाठी. व्याकरण, लेखन, धड्याचं वाचन हे सगळं वही-पुस्तकात जास्त चांगलं होतं. आपली मुलं घरी मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी अशी वाढलेली असतात. त्यांचा कान तयार असतो. अडतं ते वर्गात चारचौघांत तोंड उघडताना. तीच मुलं घरच्या गच्चीवर जाऊन एकटीनं बोलतात, आणि तिथपर्यंत पोचायला आपल्याकडे मोबाइलच आहे.

आधी फोनची चौकशी, तीही कागदावर

पहिल्या आठवड्यात शिकवण्याच्या ॲपचा विषयच काढू नका. एक कोरा कागद वाटा आणि चार-पाच प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या. फोन स्वतःचा आहे की घरात सगळ्यांचा? किती वाजता हातात येतो? त्यात जागा किती शिल्लक आहे? घरी रेंज कुठे मिळते? व्हॉट्सॲपवर कोणत्या वेळेला मेसेज आलेला घरात चालेल?

हेच गूगल फॉर्मवर का विचारू नये? कारण ज्याची अडचण आहे त्याचा फॉर्म भरून येतच नाही. मग सगळं छान आहे असं आपल्याला वाटतं, आणि जांबोटी-कणकुंबीकडून येणारा मुलगा पहिल्याच आठवड्यात मागे पडतो.

कागद वाचताना एक गोष्ट लक्षात येईल. डेटा ही फारशी अडचण राहिलेली नाही. अडचण असते रेंजची आणि फोनमधल्या जागेची. बत्तीस जीबीचा फोन लग्नाच्या व्हिडिओंनी आणि गुड मॉर्निंगच्या चित्रांनी भरलेला असतो, नवं ॲप टाकायला जागाच नसते. व्हॉट्सॲपमधलं आपोआप होणारं डाउनलोड बंद कसं करायचं, हे वर्गातच दहा मिनिटं दाखवा. इतकी साधी मदत क्वचितच कुणी केलेली असते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यायची. रात्री नऊनंतर मेसेज टाकायचा नाही. घरच्यांना कॉलेजच्या लेटरहेडवर एक छोटं पत्र द्यायचं, मराठीत आणि कन्नडमध्ये: कोणत्या विषयासाठी, कोण पाठवणार, आठवड्यातून किती वेळा. घरच्यांनी एकदा ते वाचलं की फोन काढून घेतला जात नाही.

सगळ्या वर्गात ज्याचा फोन सर्वांत जुना आणि ज्याची रेंज सर्वांत वाईट, तो विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून आखणी करा. त्याला जमलं तर बाकीच्यांना जमणारच.

परवानगी

बऱ्याच कॉलेजांत वर्गात फोनला बंदी असते. प्राचार्यांकडून लेखी परवानगी घ्या आणि तिच्यात तास, वर्ग आणि काम स्पष्ट लिहा. ‘शैक्षणिक उपयोगासाठी’ एवढंच मोघम लिहिलं तर पुढे वाद होतात. तासाला फोन बाकावर पालथा, तुम्ही सांगाल तेव्हाच उलटा. काम झालं की पुन्हा पालथा. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला तर मुलंही पाळतात.

ग्रुप नको, ब्रॉडकास्ट लिस्ट

व्हॉट्सॲप ग्रुप काढला की सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि हे अनेक मुलींच्या घरी चालत नाही. शिवाय ग्रुपमध्ये आवाज टाकायला मुलं धजत नाहीत. ब्रॉडकास्ट लिस्ट केली तर तुमचा मेसेज सगळ्यांना जातो, पण प्रत्येकाचं उत्तर फक्त तुमच्याकडे येतं. एकच अट आहे: विद्यार्थ्यानं तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला पाहिजे, नाहीतर मेसेज पोचत नाही. हे पहिल्याच तासाला सगळ्यांकडून समोर करून घ्या.

सूचना कोणत्या भाषेत द्यायच्या? वर्गात मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी अशा सगळ्या घरांतली मुलं असतात. मी सोप्या इंग्रजीत लिहिते, आणि तोंडी समजावताना मराठी-कन्नड दोन्ही वापरते. हळूहळू ठरावीक सूचना जर्मनमध्येच येऊ लागतात: ऐका, पुन्हा म्हणा, पाठवा. सीमाभागात भाषेचा प्रश्न घराघरात पोचलेला आहे. पण जर्मनच्या वर्गात मराठी मीडियमचा आणि कन्नड मीडियमचा विद्यार्थी एकाच रेषेवरून सुरुवात करतो, आणि ही संधी मला फार मोलाची वाटते. जोड्या लावताना मुद्दाम वेगवेगळ्या मीडियमची मुलं एकत्र बसवा.

कीबोर्ड

एकाच तासाचं काम आहे, पण टाळू नका. गूगलच्या जीबोर्डमध्ये जर्मन, फ्रेंच, जपानी हे सगळे कीबोर्ड आहेत. जर्मनमधल्या दोन ठिपक्यांच्या अक्षरांसाठी ए, ओ किंवा यू दाबून धरलं की पर्याय दिसतात. एस दाबून धरलं की जोड-एस मिळतो. सराव लिहिताना शब्द सुचवणारी आणि आपोआप दुरुस्त करणारी सोय बंद करायला सांगा. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं. कीबोर्ड ते स्वतःच करून देत राहिला तर परीक्षेत कागदावर ते हमखास विसरलं जातं.

व्हॉइस मेसेज: सगळ्या कामाचा कणा

बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं करा.

सोमवारी तुम्ही तीस-चाळीस सेकंदांचा आवाज पाठवायचा. स्वतःचा आवाज. इंटरनेटवरचा नको, कारण मुलांना तुमच्या आवाजाची सवय असते आणि वेग तुमच्या हातात असतो. विद्यार्थी तो तीनदा ऐकतो, मग त्याच धर्तीवर स्वतःबद्दल बोलून पाठवतो. बुधवारपर्यंत मुदत. शुक्रवारच्या तासाला त्याच वाक्यांवर जोडीनं समोरासमोर बोलणं. एवढाच फेरा, आणि तो दर आठवड्याला न चुकता.

पहिल्या आठवड्याचा विषय स्वतःची ओळख. ग्योटे इन्स्टिट्यूट या जर्मन भाषा-संस्कृती संस्थेच्या ए१ परीक्षेत तोंडी भागाची सुरुवात याच ओळखीनं होते: नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, काम, छंद. यातल्या ‘भाषा’ या मुद्द्यावर आपली मुलं खुलतात. इतर ठिकाणचा उमेदवार दोन भाषा सांगून थांबतो. आपला खानापूरचा मुलगा मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा चार सांगतो, आणि गोव्याकडे नातेवाईक असतील तर कोकणी धरून पाच. पहिल्याच वाक्यात त्याला आपलं काही जास्तीचं आहे असं वाटतं, तिथून आवाज मोकळा होतो.

त्याच परीक्षेत नाव स्पेलिंग करून सांगायला लावतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यात गावाचं नाव जर्मन अक्षरांत सांगायला द्या. जे ला ‘योट’, व्ही ला ‘फाउ’. जांबोटी सांगताना ‘योट’नं सुरुवात करायची, हे एकदा आवाजात रेकॉर्ड केलं की विसरत नाही.

तिसऱ्या आठवड्यात आकडे. जर्मनमध्ये एकवीस म्हणताना आधी एक येतो, मग वीस. मराठीतही तसंच आहे, म्हणून मराठी मुलांना ते पटकन जमतं. कन्नडमध्ये ‘इप्पत्तोंदू’, म्हणजे आधी वीस, मग एक, इंग्रजीसारखं. तेव्हा कन्नड मीडियमच्या मुलांना इथे जास्त सराव द्यावा लागतो. भाजीचे भाव सांगायला लावा, रविवारपेठेतला किंवा गावच्या आठवडी बाजारातला खरा भाव विचारून. काल्पनिक मोबाइल नंबर एकमेकांना सांगून लिहून घ्यायला लावा. खरे नंबर मात्र नकोत.

आता तपासणीचं. चाळीस मुलांचे तीस-तीस सेकंद ऐकायला वीस मिनिटं लागतात. प्रत्येकाला उत्तर द्यायचं म्हटलं की तासाच्या वर जातं, आणि गेस्ट लेक्चररच्या मानधनात तो वेळ कुणी धरत नाही. म्हणून वर्गाचे तीन गट करा. ऐकायचं सगळ्यांचं, सविस्तर उत्तर त्या आठवड्यात एकाच गटाला. बाकीच्यांना ‘ऐकलं, छान’ एवढं जर्मनमध्ये लिहून पाठवायचं. आणि दुरुस्ती एकाला एकच. पाच चुका सांगितल्या तर पुढच्या आठवड्यात मेसेज येत नाही.

एक नमुना देते. पार्श्वभूमीला गिरणीचा आवाज येतोय, एक मुलगी सांगते आहे की ती खानापूर तालुक्यात राहते आणि नर्सिंग शिकते. ‘मी’साठीच्या जर्मन शब्दाचा उच्चार ती ‘इक’ करते. क्रियापदाची जागाही एका ठिकाणी चुकली आहे, पण ती या आठवड्यात सोडून द्यायची. उत्तरात मी आधी तिचंच एक चांगलं वाक्य तसंच म्हणून दाखवते. मग सांगते: ‘ह्या’ या मराठी शब्दाची सुरुवात कर, पण ‘या’पर्यंत जाऊ नकोस, हवा तिथंच सोड. आता त्याच्या आधी ‘इ’ लाव. पुढच्या मेसेजमध्ये तो आवाज नव्वद टक्के बरोबर येतो. ही दुरुस्ती वर्गात केली असती तर मागच्या बाकावरून हसू आलं असतं.

मराठीचे असे आणखी काही उपयोग आहेत. जर्मन झेडचा उच्चार म्हणजे आपल्या ‘चाक’मधला च, ‘चिंच’मधला नव्हे. दोन ठिपक्यांच्या यूसाठी ‘ई’ म्हणत राहायचं आणि ओठ ‘ऊ’सारखे गोल करायचे. आवाजात सांगताना या सूचना लिहून सांगण्यापेक्षा कितीतरी लवकर कळतात.

व्हॉइस मेसेज आकारानंही लहान असतो. मिनिटभराचं बोलणं एक एमबीच्या आत बसतं, तेच व्हिडिओत दहा एमबीच्या घरात सहज जातं. ‘काय ओ मॅडम, घरात रेंजच नाही’ म्हणणाऱ्या मुलानं घरी रेकॉर्ड करून ठेवलं, तर सकाळी बस हायवेला लागली की तो मेसेज आपोआप निघून येतो. म्हणून मुदत नेहमी कॉलेजच्या दिवशी दुपारची ठेवा, रात्री बाराची नको.

शब्द थोडे, पण वारंवार

जपानमध्ये पॅट्रिशिया थॉर्नटन आणि ख्रिस हाउसर यांनी विद्यापीठातल्या मुलींना इंग्रजी शब्दांचे छोटे धडे दिवसातून तीनदा मोबाइलच्या ईमेलवर पाठवून पाहिले होते. त्यांचा निबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. जो मजकूर कागदावर किंवा वेबसाइटवर देऊन ‘नियमित वाचा’ असं सांगितलं होतं, त्याच्यापेक्षा मोबाइलवर येऊन पडलेला मजकूर मुलींच्या जास्त लक्षात राहिला. तेव्हाचे फोन साधे होते. फरक पडला तो थोडं थोडं आणि ठरल्या वेळी मिळाल्यामुळे. आपल्याकडे सकाळची बस, दुपारची सुट्टी आणि संध्याकाळची बस अशा तीन वेळा तयारच आहेत.

पण त्याच जपानमधून सावध करणारंही काम आलं आहे. ग्लेन स्टॉकवेल यांनी २०१० मध्ये दाखवलं की शब्दांचा तोच सराव मुलांना कॉम्प्युटरपेक्षा मोबाइलवर करायला जास्त वेळ लागतो, गुणांत मात्र फारसा फरक पडत नाही. म्हणून लांबलचक गाळलेल्या जागा, उताऱ्यावरचे प्रश्न मोबाइलवर देऊ नका. ते वहीत लिहायला सांगा आणि हवा तर वहीचा फोटो मागवा.

शब्दांच्या पाठांतरासाठी अँकीड्रॉइड हे ॲप मी सुचवते. अँड्रॉइडवर ते मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि एकदा कार्डं घेतली की नेटशिवाय चालतं. येत असलेला शब्द ते उशिरा विचारतं, अडणारा शब्द लवकर विचारतं. या पद्धतीमागचं कारण जुनं आहे: जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. कार्डांचा संच तुम्हीच करा आणि फाइल म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवा. दिवसाला पाच ते सात नवे शब्द पुरे. उत्साहात मुलं तीस लावतात आणि दहाव्या दिवशी साठलेली उजळणी बघून ॲपच काढून टाकतात.

जर्मनच्या कार्डावर नाम कधीही एकटं लिहू नका, सोबत लिंग दाखवणारा ‘देअर’, ‘दी’ किंवा ‘दास’ पाहिजेच, आणि तुमच्या आवाजातला उच्चार. रंग ठरवून घ्या: पुल्लिंग निळा, स्त्रीलिंग लाल, नपुंसकलिंग हिरवा. आणि मुलांना कृपा करून ‘तीन लिंगं आहेत, फार अवघड आहे’ असं सांगू नका. मराठी मुलगा तीन लिंगांतच वाढलेला असतो. घर, पुस्तक, पाणी, मूल हे चारही शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहेत आणि जर्मनमध्येही ‘दास’चेच आहेत. इथून सुरुवात करा. मग चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी, सूर्य मात्र जर्मनमध्ये स्त्रीलिंगी, अशी वेगळी निघणारी कार्डं दुसऱ्या संचात द्या.

जपानी शिकवणाऱ्यांचं काम इथे आणखी हलकं होतं. ‘मी पाणी पितो’ आणि ‘वाताशि वा मिझु ओ नोमिमास’ यांत शब्दांचा क्रम एकच आहे. कर्ता, कर्म, क्रियापद. विभक्तीसारखे तुकडे शब्दाच्या मागे लागतात, तेही मराठी आणि कन्नड दोन्हींसारखंच. वाक्य आधी इंग्रजीत करून मग जपानीत नेण्याची सवय लागू देऊ नका. अडणार ती लिपी. तिच्यासाठी कार्ड बघून वहीत हातानं लिहिणं लागतंच, नुसतं बोट फिरवून कांजी, म्हणजे जपानीतली चिनी वळणाची अक्षरं, पक्की होत नाहीत.

वर्गात: दोघांत एक फोन

तासाला सगळ्यांचे चाळीस फोन बाहेर काढू नका. दोघांत एक पुरतो, आणि ज्याच्याकडे फोन नाही तो वेगळा पडत नाही.

माझ्या वर्गात सगळ्यात रंगणारा सराव म्हणजे बोलून टाइप करणं. कीबोर्डवर जर्मन निवडायची, माइक दाबायचा आणि एकच शब्द म्हणायचा. जर्मनमध्ये चर्चसाठीचा शब्द आणि चेरी या फळासाठीचा शब्द यांत एकाच आवाजाचा फरक आहे. पहिल्यात ‘ह्य’च्या जवळचा मऊ आवाज, दुसऱ्यात सरळ ‘श’. आपली मुलं दोन्हीकडे ‘श’ म्हणतात. फोन दर वेळी चेरी लिहितो. मुलं हसतात, पुन्हा म्हणतात, जीभ कुठे न्यायची ते जोडीदाराला विचारतात, आणि कधीतरी स्क्रीनवर चर्च उमटतं. तेव्हा अख्खा बाक ओरडतो. मी दहा वेळा समजावून जे होत नाही ते असं पाच मिनिटांत होतं. पूर्ण वाक्य देऊ नका, कारण वाक्यात फोन संदर्भावरून अंदाज बांधतो आणि चुकीचा उच्चारही बरोबर लिहितो. सुटा शब्द द्या. तरीही फोन कधीकधी बरोबर उच्चार नाकारतो, तेव्हा शेवटचा निवाडा तुमच्या कानाचा, हे मुलांना सांगून ठेवा. वर्गात नेट नसेल तर जर्मनचा ऑफलाइन पॅक आधीच उतरवून ठेवावा लागतो.

दुसरा सराव फोटोचा. प्रत्येक जोडीनं कॅम्पसमधला किंवा बसस्टँडवरचा एक फोटो आणायचा, माणसांचे चेहरे न येतील असा, आणि त्यावर पाच वाक्यं बोलायची. उद्यमबागमधल्या कारखान्यात अर्धवेळ काम करणारा मुलगा लेथ मशीनचा फोटो आणतो आणि त्याला पुस्तकात नसलेले शब्द हवे असतात. ते शोधून द्या. जर्मनीत त्याला उपयोगी पडणारे शब्द तेच आहेत.

बाहेरचं साहित्य

जर्मनसाठी डॉइचे वेले ही जर्मनीची प्रसारण संस्था, जपानीसाठी एनएचके वर्ल्ड, फ्रेंचसाठी टीव्ही५मोंद यांचे अभ्यासक्रम मोफत आहेत आणि चांगले आहेत. त्यांची लिंक द्या, फाइली उतरवून स्वतःच्या नावानं चॅनलवर टाकू नका. मुलांना एकदम सगळं देऊ नका. एका आठवड्याला एकच छोटा भाग, कोणत्या मिनिटापासून कोणत्या मिनिटापर्यंत तेही सांगून, आणि त्यावर दोनच प्रश्न. कॉलेजच्या वायफायवर बघून घ्यायला तासाआधी पंधरा मिनिटं वर्ग उघडा ठेवा.

खेळासारखी ॲप्स मुलं स्वतःहून घेतात. घेऊ द्या. शब्दांची सवय लागते, पण बोलणं त्यातून येत नाही, आणि त्यांच्या गुणांना इंटर्नलमध्ये जागा देऊ नका.

भाषांतराची ॲप्स आणि एआय

मुलं ती वापरणारच. बंदी घालून काही हाती लागत नाही. कामाची आखणी बदला. ‘माझं कुटुंब या विषयावर दहा ओळी’ असा गृहपाठ दिला तर दहा जणांकडून एकसारखा निबंध येतो. त्याऐवजी ‘काल बसमध्ये शेजारी कोण बसलं होतं, ते बोलून पाठव’ असं द्या, आणि शुक्रवारी त्यावरच समोर दोन प्रश्न विचारा.

ॲप कुठे चुकतं हेही दाखवा. मराठीत तू आणि तुम्ही आहे, जर्मनमध्येही तसंच आहे. मुलं वाक्य आधी इंग्रजीत टाकतात, तिथे दोन्हींचं एकच होतं, आणि हॉस्पिटलमधल्या म्हाताऱ्या पेशंटला ‘तू’ म्हणणारं जर्मन वाक्य तयार होऊ शकतं. नर्सिंगच्या मुलीला हे एकदा दाखवलं की ती पुढे स्वतः तपासून घेते.

पावसाळ्याची सोय

जून ते सप्टेंबरमध्ये खानापूरच्या जंगलपट्ट्यात झाड पडलं की करंट जातो आणि टॉवरही बंद पडतो. अशा आठवड्यांसाठी आधीच एक छापील पान तयार ठेवा: तीच वाक्यं, तेच शब्द, उच्चार देवनागरीत. मुलगा परत आला की त्याचा आवाज कॉलेजच्या आवारातच रेकॉर्ड करून घ्या. रेंज नव्हती म्हणून कुणाचा एकही गुण कापू नका.

गुण आणि परीक्षा

इंटर्नल मार्कांत व्हॉइस मेसेजना थोडेच गुण ठेवा, आणि तेही नियमित पाठवण्याला. उच्चाराच्या दर्जाचे गुण समोरासमोरच्या तोंडी परीक्षेत द्या, म्हणजे कुणाच्या फोनचा माइक खराब आहे याचा फटका बसत नाही.

बाहेरच्या परीक्षा देणाऱ्यांचा विचार वेगळा करावा लागतो. ग्योटेच्या ए१ परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग आहेत. आपल्याला जवळची केंद्रं पुणे आणि बेंगळूरु इथली मॅक्स म्युलर भवनं, म्हणजे ग्योटे इन्स्टिट्यूटच्याच भारतातल्या शाखा. बोलण्याची परीक्षा गटात होते, समोर अनोळखी माणसं असतात. तेव्हा शेवटच्या महिन्यात व्हॉइस मेसेज कमी करत आणा आणि चौघांचा गट करून समोरासमोर बसवा. लिहिण्याचा भाग पेननं, घड्याळ लावून. जपानीच्या जेएलपीटी या प्रावीण्य परीक्षेत, जी डिसेंबरमध्ये आणि जुलैमध्ये होते, बोलण्याचा भागच नाही. म्हणून जपानी शिकवणारे बरेचजण बोलणं सोडून देतात. तसं करू नका. एन५ किंवा एन४, म्हणजे त्या परीक्षेच्या सुरुवातीच्या पातळ्यांचं प्रमाणपत्र घेऊन मुलगा इंटरव्ह्यूला जातो तेव्हा पहिला प्रश्न तोंडीच असतो.

आवाज कुणाचे आहेत

विद्यार्थ्याचा आवाज ही त्याची खासगी गोष्ट आहे. रेकॉर्डिंग वर्गात ऐकवायचं असेल तर त्याला आधी विचारा, आणि नको म्हटलं तर कारण विचारू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाही संमती हाच आहे. वर्गात अठरा वर्षांखालची मुलं असतील तर पालकांची सही घ्या. चुकलेल्या उच्चाराचं रेकॉर्डिंग दुसऱ्या वर्गाला नमुना म्हणून कधीही ऐकवू नका. नमुना लागला तर तुम्ही स्वतः चुकीचा उच्चार करून दाखवा.

सेमिस्टर संपलं की प्रत्येकाला त्याचा पहिल्या आठवड्यातला आणि शेवटच्या आठवड्यातला मेसेज परत पाठवा, दोन्ही एकापाठोपाठ. मग तुमच्या फोनमधले सगळे आवाज पुसून टाका, बॅकअपमधलेही. ज्यांना ए२ला पुढे जायचं आहे त्यांची नवी लिस्ट करा, आणि फोनची चौकशी कागदावर पुन्हा करा. सुट्टीत बऱ्याच जणांचे फोन आणि नंबर बदललेले असतात.